सीपीसीचं आजोळ

बालरोगतज्ज्ञांच्या अधिवेशनाची कार्यक्रमपत्रिका उघडली की सत्रांचा मोठा गोतावळा समोर येतो. ओरेशन, सिम्पोझियम, पॅनेल, पेपर, पोस्टर, वर्कशॉप, क्विझ. बहुतेकांची कुळं सरळ आहेत. सिम्पोझियम ग्रीकांच्या मद्यपानाच्या बैठकीतून आलं, ओरेशन रोमनांच्या वक्तृत्वातून. पोस्टर त्यातलं धाकटं. १९६९ साली माद्रिदला, युरोपातल्या जीवरसायनशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात ते भिंतीवर चढलं. आपल्याकडे मुंबई आणि कलकत्त्याच्या दोन संघटना १९६३ साली एक होऊन इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स स्थापन झाली, आणि तिच्या ‘पेडिकॉन’ या अधिवेशनात हा गोतावळा आयताच नांदायला आला.

मला वेड लावलं ते सीपीसीनं, म्हणजे क्लिनिको-पॅथॉलॉजिकल कॉन्फरन्सनं. कारण तिचं आजोळ दवाखान्यात नाही, वकिलीच्या वर्गात आहे.

सीपीसी चालते अशी. दगावलेल्या किंवा मोठ्या कोड्यात टाकणाऱ्या एका खऱ्या रुग्णाचा कागद आधीच वाटतात. आठ महिन्यांचं मूल, पहिलं अपत्य, जन्माचं वजन इतकं, लसी झालेल्या, तीन दिवस ताप, काल दुपारपासून लघवी नाही. पुढे रक्ताचे आकडे. निदान मात्र झाकलेलं. व्यासपीठावर उभा राहणारा डॉक्टर ज्येष्ठ असतो, त्यानं हे मूल पाहिलेलं नसतं, आणि त्याला शंभर जणांसमोर मोठ्यानं विचार करावा लागतो: हे का असेल, ते का नसेल, शेवटी मी कशावर बोट ठेवतो. मग पॅथॉलॉजिस्ट उठतो, सूक्ष्मदर्शकाखालची पट्टी पडद्यावर दाखवतो आणि निकाल लागतो. नामवंतांचं निदान भरसभेत चुकतं आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. दुसऱ्या कुठल्या सत्रात हे घडतं?

आता मूळ. हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचा प्रमुख लँगडेल यानं १८७० पासून कायदा व्याख्यानांनी शिकवणं सोडलं. विद्यार्थ्यांच्या हाती खरे खटले द्यायचे आणि त्यावर वाद घालायला लावायचा, ही त्याची रीत. त्याच हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन वैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होता. तासन् तास व्याख्यानं ऐकून कंटाळलेला. त्याचा खोलीतला सोबती हॅरी बिगेलो वकिलीचा विद्यार्थी होता, आणि तो मित्रांशी खटल्यांवर ज्या त्वेषानं भांडायचा ते कॅनन रोज बघायचा. वैद्यकातही हे का नको? जानेवारी १९०० मध्ये त्यानं बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला: रुग्णांची छापील टिपणं विद्यार्थ्यांना द्या आणि चर्चा करू द्या. पुढे शरीरक्रियाशास्त्रात जगभर नाव झालेला हाच कॅनन. डॉक्टर रिचर्ड कॅबटनं ही कल्पना उचलली, १९०६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं आणि १९१० मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट जेम्स होमर राइटला सोबत घेऊन सीपीसी सुरू केली.

यावर पॅथॉलॉजीवाल्यांचा आक्षेप ठरलेला असतो. ते म्हणतात, मूळपुरुष पादुआचा मॉर्गान्यी. त्यानं १७६१ सालीच शेकडो रुग्णांची लक्षणं आणि शवविच्छेदनं शेजारीशेजारी मांडली. वकिलांचा इथे संबंध काय? मॉर्गान्यीचं मोठेपण मला मान्य आहे, पण त्याच्या ग्रंथात प्रश्न आणि उत्तर एकाच पानावर नांदतात. वाचणाऱ्याला युक्तिवाद करावाच लागत नाही. सीपीसीचा जीव भरसभेतल्या युक्तिवादात आहे, आणि तो लँगडेलकडून आला.

माझ्या बाजूचाही एक सांधा ढिला आहे. लँगडेलच्या खटल्यांत न्यायाधीशाचा निकाल छापलेलाच असे. मग निदान झाकायची युक्ती कुठली? माझ्या मते ती कॅबटची. १९१० मध्ये त्यानं हजार शवविच्छेदनं डॉक्टरांच्या निदानांशी ताडून पाहिली, १९१२ मध्ये तीन हजार, आणि चुकांची यादी उघड छापली. मूळचा तत्त्वज्ञानाचा पदवीधर होता तो. ज्याला चुका मोजायच्या आहेत, तो उत्तर आधी झाकणारच. मॉर्गान्यीकडून प्रेत, लँगडेलकडून वाद आणि कॅबटकडून झाकलेलं पाकीट, असं हे कूळ मी मांडतो.

याच घराण्याचा आणखी एक धागा मला जवळचा वाटतो. वॉल्टर कॅननची बहीण आयडा त्याच हॉस्पिटलात कॅबटच्या समाजसेवा विभागात काम करायची. आजारी माणसाचं घर, पाणी, पगार पाहिल्याशिवाय निदान पुरं होत नाही, हा त्या विभागाचा आग्रह. मुलांच्या सीपीसीला तर त्यावाचून गत्यंतर नाही, कारण तान्ह्या बाळाची साक्ष आईच देते.

हे सगळं मी पांढुर्ण्याकडच्या माझ्या गावी, तिगावात बसून लिहितो त्याला कारण आहे. आमच्याकडचं मूल आजारी पडलं की आधी गावातला दवाखाना, मग पांढुर्णा, आणि हाताबाहेर गेलं की नागपूर. २०२३ पर्यंत आम्ही छिंदवाडा जिल्ह्यातच होतो. त्याच छिंदवाड्यातल्या परासिया भागात २०२५ च्या पावसाळ्याअखेर साध्या सर्दी-तापाची मुलं एकामागून एक लघवी बंद होऊन किडनी गमावू लागली. पाण्यावर, उंदरांवर, डासांवर संशय घेऊन झाला. किडनीच्या तुकड्याच्या तपासणीनं विषाकडे बोट दाखवलं, आणि खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. मर्यादा ०.१ टक्का, सापडलं ४८.६ टक्के. वीसहून अधिक लेकरं गेली. हेच गोड, बिनरंगी औद्योगिक द्रावण १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक जणांच्या जिवावर उठलं होतं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरिनमधून त्यानं चौदा रुग्ण मारले, आणि त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन यांच्यासमोर झाली.

नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांना माझं मागणं आहे. परासियाच्या मुलांची सीपीसी करा, नावं झाकून, आणि ती पंचतारांकित हॉटेलात न करता पांढुर्ण्याला करा. मराठीत आणि हिंदीत. समोर आमच्या गावोगावचे डॉक्टर, नर्स, औषध दुकानदार आणि आशाताई बसू द्या. ‘लघवी कधीपासून नाही?’ हा प्रश्न पहिल्यांदा त्यांनाच विचारायचा असतो.