सामायिक कुरण, फडाचं पाणी आणि आपली सोसायटी

या वीकेंडला जरा जुना हिशोब काढूया. १९६८ साली 'सायन्स' या नियतकालिकात गॅरेट हार्डिन नावाच्या जीवशास्त्रज्ञाचा एक लेख आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : गावाचं एक सामायिक कुरण आहे. प्रत्येक गुराख्याला वाटतं, आपली एक गाय वाढवली तर काय बिघडलं? फायदा त्याचा एकट्याचा, नुकसान मात्र सगळ्यांत वाटलं जातं. सगळेच असा विचार करतात आणि कुरण संपतं. मग उपाय दोनच, सरकारने ताबा घ्या नाहीतर वाटण्या करून टाका. लॉजिक एकदम चोख, त्यामुळे लेख भलताच गाजला.

पण खरी गावं असंच वागतात का? हे तपासलं एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन बाईंनी. त्यांचं 'गव्हर्निंग द कॉमन्स' हे पुस्तक १९९० साली आलं. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. २०१२ साली त्या गेल्या.

पुस्तकात एकापेक्षा एक किस्से आहेत. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात १५१७ पासून नियम आहे : हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामायिक कुरणात पाठवायच्या. कोटा मोडला तर दंड, आणि दंडातली अर्धी रक्कम वसूल करणाऱ्याच्या खिशात! म्हणजे तो डोळेझाक कशाला करेल? :-) स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया शहरात पाटाच्या पाण्याचे तंटे दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात सुटतात. वकील नाही, कागदपत्रांचे गठ्ठे नाहीत. शेतकऱ्यांनी निवडलेले पंच सगळ्यांसमोर तोंडी निकाल देतात.

अर्थात यासाठी युरोपात जायची गरज नाही. आपल्या धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत होती, निदान तीनशे वर्षं जुनी. नदीला बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण तीन-चार भाग, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा ज्या फडात ऊस, पुढे तिथे दुसरं पीक. बऱ्याच गावांत एकेका शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, त्यामुळे उसाचा लाभ एकाच टोळक्याला मिळायचा नाही. गंमत म्हणजे शेतकऱ्याने स्वतः पाणी घ्यायचंच नाही. ते काम पाटकऱ्याचं, त्याच्यावर देखरेख हवालदाराची, पिकाची राखण जागल्याची आणि सगळ्यांवर पंच. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारं क्षेत्रच कमी करायचं, म्हणजे झळ सगळ्यांना. पाटाचा गाळ काढायला सगळ्यांनी उतरायचं.

आमच्या भाषेत सांगायचं तर शेअर्ड रिसोर्सचं शेड्यूलिंग, लॉगिंग, मॉनिटरिंग सगळं होतं, फक्त सर्व्हर नव्हता.

हे सगळं गोड गोड नव्हतं, हेही सांगायला हवं. फडाच्या पाण्यावर हक्क जमीनवाल्याचा, भूमिहीनाचा नाही. टोर्बेलमध्येही बाहेरच्या माणसाला कुरणात वाटा नव्हता. आणि ऑस्ट्रॉमबाईंनी फसलेल्या गावांचीही उदाहरणं दिली आहेत. टिकलेल्या ठिकाणी काही गोष्टी समान दिसतात : वाटेकरी कोण हे नक्की, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, राखण करणारा त्यांनाच उत्तर देणारा, पहिल्या चुकीला छोटा दंड, तंटा सोडवायला जवळची आणि स्वस्त जागा, आणि वरच्या सरकारची याला आडकाठी नाही. शेवटचा मुद्दा किती महत्त्वाचा, ते गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला विचारा. ग्रामसभा एकमताने निर्णय घेणारी, जंगल राखणारी. पण बांबूवरचा कायदेशीर हक्क मिळाला तो २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरच.

फडांचं पुढे काय झालं? नदीवर वरच्या बाजूला धरणं झाली, शेतात विहिरी आल्या, मोटारी बसल्या. ज्याची स्वतःची विहीर, त्याला गाळ काढायला यायचं कारण उरलं नाही. भांडण वगैरे काही झालं नाही, एकेक जण नुसता बाजूला झाला.

हे वाचताना मला आपल्या सोसायट्या आठवतात. पाणी नाही? टँकर. वीज नाही? इन्व्हर्टर. वार्षिक सभेला कोरमसुद्धा भरत नाही, सभा अर्धा तास तहकूब करून उरलेल्या सात टाळक्यांवर उरकायची. पैसे आहेत तोवर प्रत्येकाची आपापली 'विहीर' आहेच. पण उन्हाळ्यात टँकरच मिळेनासा झाला की समोरच्या फ्लॅटवाल्याचं नावही माहीत नसतं.

तेव्हा एक करून बघा. पुढच्या सभेत पाण्याचा एकच नियम मांडा, राहणाऱ्यांनी मिळून ठरवलेला, पाळला जातोय का हे कोण बघणार त्या नावासकट. एवढ्यावर चर्चा झाली तरी पुष्कळ.

असो. पुस्तक जरूर वाचा. पहिली काही पानं थिअरीची आणि जड आहेत, ती चिकाटीने ओलांडा. टोर्बेलपासून मजा सुरू होते.