पऱ्हाटीची फळी

वऱ्हाडांतील जुन्या खेड्यांत शिरलें म्हणजे दोन प्रकारचीं घरें दृष्टीस पडत. देशमुखांची गढी पांढऱ्या मातीची आणि गरिबाचें घर कुडाचें. कुड म्हणजे तुराट्या उभ्या रोवून, आडव्या काठ्यांस बांधून, दोन्ही अंगांनीं शेणमातीनें लिंपलेली भिंत. नुसती माती पावसांत ढासळते. नुसत्या तुराट्यांतून वारा आणि विंचू दोघेहि खुशाल आंत येतात. पण दोहोंचा संयोग झाला कीं कित्येक पावसाळे टिकणारी भिंत उभी राहते. गिलाव्याच्या मातींत भुसा कालवला तर ती वाळतांना तडकत नाहीं, हेंहि तेथील गृहिणींस कोणी शिकवावें लागलें नाहीं. काडीनें अगर तंतूनें ताण सोसावा आणि बांधून ठेवणाऱ्या द्रव्यानें त्यास जागच्या जागीं धरावें, हें तें तत्त्व. आजचीं विमानें ह्याच तत्त्वावर बांधलेल्या पदार्थांनीं हलकीं झालीं आहेत. शास्त्रज्ञ त्यांस संमिश्र द्रव्यें म्हणतात. कुडाला मात्र हें भारदस्त नांव कोणी दिलें नाहीं.

वऱ्हाडचा लौकिक अर्थात् कुडामुळें नव्हे, कपाशीमुळें झाला. १८५३ सालीं निजामानें हा प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला, आणि आठच वर्षांनीं अमेरिकेंत यादवी पेटली. १८६१ ते १८६५ ह्या काळांत लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हां साऱ्या कापडधंद्याची नजर पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्यें आगगाडी नागपूरपर्यंत पोंचली. १८७० सालीं खामगांवचा फांटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें उघडला. कारंजाच्या कापूसबाजारास १८८६ मध्यें नियम घालून देण्यांत आले. लिव्हरपूलच्या दलालांनीं तर उमरावतीचें 'ऊमरा' करून तें नांवच कापसाच्या एका प्रकारास देऊन टाकलें. ह्या साऱ्या जमाखर्चांत सरकीची नोंद आहे, गांठींची आहे, आगगाडीच्या भाड्याचीहि आहे. ज्या झाडावर बोंड येतें त्या पऱ्हाटीची मात्र नाहीं. शेवटची वेंचणी झाली कीं ती उपटावयाची, चुलीपुरत्या मोळ्या बांधावयाच्या, थोडी कुंपणास लावावयाची आणि उरलेली बांधावर पेटवून द्यावयाची.

१९२१ सालीं मध्यवर्ती कापूस समिति स्थापन झाली व तिनें १९२४ मध्यें मुंबईस माटुंगा येथें एक प्रयोगशाळा काढली. तिचे पहिले संचालक डॉ. टर्नर; त्यांच्या मागून डॉ. नाझिर अहमद आले. निरनिराळ्या प्रांतांतून येणारे कापसाचे नमुने कातून पाहावे, त्यांचें सूत किती नंबरचें निघतें आणि किती बळकट ठरतें तें कळवावें, हें तिचें मूळचें काम. १९६६ मध्यें ती भारतीय कृषि अनुसंधान परिषदेकडे गेली आणि १९९१ पासून केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाऊं लागली. नांवें पालटलीं, बिऱ्हाड माटुंग्यासच राहिलें. तंतूची परीक्षा करतां करतां ह्या संस्थेचें लक्ष पुढें तंतू देणाऱ्या झाडाकडे गेलें, आणि जें लाखों शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या जाळलें, त्याच्याकडे प्रथमच शास्त्रीय दृष्टीनें पाहिलें गेलें.

पऱ्हाटी ही पिकाची काडी असली तरी गुणधर्मानें लाकूडच होय. तिच्यांत सुमारें दोन तृतीयांश भाग सेल्युलोज व त्याच्या जातीचीं द्रव्यें, आणि सुमारें एक चतुर्थांश लिग्निन असतें. हें प्रमाण कठीण लाकडाच्या जवळचें आहे. एका हेक्टरांत ती दोन ते तीन टन निघते. लांकडाचा चुरा डिंकासारख्या कृत्रिम राळेंत घोळवून, तापवून, दाबून फळी करण्याची युक्ति जर्मनींत १९३० नंतरच्या दशकांत निघाली होती. माक्स हिमेलहेबर हें नांव त्या संदर्भांत घेतलें जातें. जर्मनींत चांगलें लाकूड महाग होतें. भारतांतहि जंगलें आटत चाललीं. मग तीच युक्ति पऱ्हाटीस कां लावूं नये?

युक्ति सांगावयास सोपी. पऱ्हाटी यंत्रानें तोडून तिच्या बारीक चिपा करावयाच्या, चाळून माती व धूळ काढावयाची आणि त्या वाळवावयाच्या. मग युरिया आणि फॉर्मल्डिहाइड यांची राळ त्यांवर फवारावयाची, साच्यांत थर पसरावयाचा आणि दीडशें अंशांच्या आसपास तापलेल्या पोलादी पाटांत तो दाबावयाचा. कांहीं मिनिटांत फळी तयार. पण करूं गेल्यावर पऱ्हाटी आपले गुण दाखविते. तिच्या सालींत तागासारखे धागे असतात. ते तुटण्याऐवजीं एकमेकांत गुंतून चाळणींत गोळे होतात आणि राळ अधिक पितात. झाडावर राहिलेलीं किडकीं बोंडें आणि त्यांतला कवडी कापूस हेंहि विघ्नच. ह्या अडचणींतून वाट काढून नागपूर येथील संस्थेच्या केंद्रांत पऱ्हाटीच्या फळ्या करण्याचें प्रायोगिक यंत्र उभें राहिलें आणि फळी चांगली होते हें सिद्ध झालें.

फळी झाली, धंदा होणें ही निराळी गोष्ट. पऱ्हाटी हलकी आणि पसरट. गाडी भरते, वजन भरत नाहीं, आणि भाडें मात्र पुरतें द्यावें लागतें. ती मिळते उन्हाळ्याच्या तोंडाशीं दोन-तीन महिने, कारखान्यास हवी बारा महिने. म्हणून गांवींच चिपा करून मग माल हलवावा असा मार्ग निघाला. ह्यापेक्षां अवघड प्रश्न चुलीचा. मजुराच्या बायकोस पऱ्हाटीचें सरपण फुकट मिळे. तिला किंमत आली कीं शेतकऱ्याच्या हातीं चार पैसे येतील खरे, पण ज्याच्याजवळ शेतच नाहीं त्याच्या चुलीचें काय? हिशेब मांडणारांनीं हा रकाना बहुधा कोराच ठेवला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें गॅसच्या शेगड्या खेडोपाडीं गेल्या, तरी प्रश्न पुरता मिटला असें म्हणवत नाहीं.

दुसऱ्या बाजूनें २०१७ च्या हंगामानें सर्वांचे डोळे उघडले. त्या वर्षीं विदर्भांत गुलाबी बोंडअळीनें कपाशी फस्त केली. ही अळी उरल्यासुरल्या बोंडांत दडून पुढच्या पिकाची वाट पाहते. आणि पाणी देऊन पीक लांबवून फरदड घेण्याची संवय तिला आयतें आश्रयस्थान देते. पऱ्हाटी वेळेवर उपटा, शेतांत वा बांधावर ढीग ठेवूं नका, असा सल्ला कृषिखात्यानें दिला. सल्ल्यानें जें होत नाहीं तें भावानें होतें. पऱ्हाटीस गिऱ्हाईक असेल तर ती फेब्रुवारींतच शेताबाहेर निघेल.

अकोल्यास २० ऑक्टोबर १९६९ रोजीं स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचें नांव धारण करतें; अमरावतीस शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून, आणि विद्यापीठ १९८३ पासून आहे. संमिश्र द्रव्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचें काम बाहेरच्या माणसास फार रुक्ष वाटेल. वनस्पतीच्या धाग्याला पाण्याची ओढ, राळेला पाण्याचें वावडें. दोघांचें सूत जमवावयाचें म्हणून धागा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत भिजवून, धुवून, वाळवावा लागतो. साच्यांत राळ ओततांना हवेचा एखादा बुडबुडा राहिला तर पट्टी नेमकी तेथेंच मोडते, आणि आठवड्याची मेहनत एका बारीक आवाजासरशीं संपते. मग मोडलेल्या कडेकडे भिंगांतून पाहावयाचें. धागे तुटलेले दिसले तर बंध चांगला होता. अखंड ओढले जाऊन बाहेर आले असले तर राळेनें त्यांस धरलेंच नव्हतें, आणि काम पुन्हां धुण्यापासून सुरू.

पऱ्हाटीच्या फळीची खरी कसोटीहि पाण्याचीच. तुकड्याची जाडी मोजून तो पाण्यांत बुडवितात, दोन तासांनीं काढून मोजतात, परत बुडवितात आणि चोवीस तासांनीं पुन्हां मोजतात. किती फुगला, तो आंकडा वहींत लिहिला जातो.