दस्तऐवजांचे वैधीकरण, हेग करार आणि गोव्यातील जन्मनोंदी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नागरिकत्व हा व्यक्ती आणि राज्य यांच्यातील कायदेशीर संबंध होय. हा संबंध डोळ्यांना दिसत नाही. तो सिद्ध करण्यासाठी कागद पुढे करावा लागतो. भारतात असा एकच एक निर्णायक कागद नाही. नोंदणीने किंवा देशीयकरणाने नागरिक झालेल्यास 1955 च्या नागरिकत्व अधिनियमाखाली प्रमाणपत्र मिळते. जन्माने नागरिक असलेल्या बहुसंख्यांजवळ मात्र जन्माचा दाखला, आईवडिलांच्या विवाहाचा दाखला आणि पारपत्र एवढीच सामग्री असते. त्यातही 1967 च्या पारपत्र अधिनियमातील कलम 20 अन्वये विशिष्ट परिस्थितीत नागरिक नसलेल्या व्यक्तीसही पारपत्र देता येते. त्यामुळे पुरावा शोधताना शेवटी जन्मनोंदीपर्यंत मागे जावे लागते.

हा दाखला परदेशी कार्यालयात पोहोचला की नवाच प्रश्न उभा राहतो. साताऱ्याच्या किंवा फोंड्याच्या निबंधकाची सही लिस्बनमधील अधिकाऱ्याने कशी ओळखावी? या प्रश्नाला राज्याराज्यांनी वेळोवेळी जी उत्तरे दिली त्यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. ही उत्तरे प्रामुख्याने सहीविषयी होती, मजकुराविषयी नव्हती, आणि मजकुराचा भार अखेरपर्यंत मूळ नोंदवहीवरच राहिला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. गोव्याच्या उदाहरणावरून ते विशेष स्पष्ट होते.

सह्यांची साखळी

हेग करारापूर्वी प्रचलित असलेल्या पद्धतीस वैधीकरण असे म्हणतात. स्थानिक अधिकाऱ्याने दिलेला दाखला किंवा नोटरीने साक्षांकित केलेली प्रत प्रथम राज्य शासनाच्या विभागाकडे जाई. तेथील अधिकारी स्थानिक सही खरी असल्याचे लिहून देई. त्या अधिकाऱ्याची सही परराष्ट्र मंत्रालय प्रमाणित करी आणि मंत्रालयाची सही संबंधित देशाचा दूतावास अथवा वाणिज्यदूत प्रमाणित करी. काही देशांत तेवढ्यानेही भागत नसे. कागद तेथे पोहोचल्यावर त्या देशाचे परराष्ट्र खाते आपल्याच वाणिज्यदूताची सही पुन्हा तपासून घेई.

या साखळीतील प्रत्येक दुवा केवळ आपल्या आधीच्या दुव्याची साक्ष देत असे, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. दाखल्यात लिहिलेली जन्मतारीख बरोबर आहे काय, पित्याचे नाव खरे आहे काय, हे त्यांपैकी कोणीही पाहत नसे. कागदाच्या पाठीवर शिक्के वाढत जात आणि त्यांच्या संख्येमुळे मजकूरच सिद्ध झाल्याचा आभास निर्माण होई. अर्जदाराच्या दृष्टीने मात्र प्रत्येक शिक्का म्हणजे एक प्रवास, एक शुल्क आणि काही आठवड्यांचा खोळंबा होता.

भारतात येणाऱ्या परकीय कागदांनाही असेच नियम लागू होते. 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम 78 अन्वये परदेशी सार्वजनिक दस्तऐवजाच्या प्रतीवर नोटरीचे किंवा भारतीय वाणिज्यदूताचे प्रमाणपत्र लागे. 1948 च्या राजनयिक व वाणिज्यिक अधिकारी (शपथ व शुल्क) अधिनियमाने परदेशातील भारतीय अधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्यास न्यायालयात स्वतंत्र सिद्धतेशिवाय मान्यता दिली. पुरावा अधिनियमाची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आहे.

1961 चा हेग करार

5 ऑक्टोबर 1961 रोजी हेग येथे झालेल्या कराराने ही साखळी तोडली. तो 24 जानेवारी 1965 रोजी फ्रान्स, ब्रिटन व युगोस्लाव्हिया या तीन देशांपुरता अमलात आला. ज्या देशात कागद तयार झाला त्याच देशाच्या नियुक्त अधिकाऱ्याने एकच ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे आणि दुसऱ्या सदस्य देशाने त्यापलीकडे काही मागू नये, ही या कराराची मुख्य तरतूद होय. हे प्रमाणपत्र म्हणजेच ‘अपॉस्टिल’. त्याचा नमुना चौरस असून बाजू किमान 9 सेंटीमीटर लांब असावी, त्यात दहा क्रमांकित बाबी असाव्यात आणि शीर्षक फ्रेंच भाषेतच असावे, इतका तपशील करारात आहे. दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद ठेवणेही बंधनकारक आहे.

तथापि कराराची मर्यादा पाचव्या कलमातच आढळते. अपॉस्टिल तीनच गोष्टींची ग्वाही देते : सही खरी आहे, सही करणाऱ्याचा अधिकार नमूद केल्याप्रमाणे आहे, आणि शिक्का असल्यास तो त्याच कार्यालयाचा आहे. मजकुराविषयी ते मौन पाळते. हे मौन हेतुपुरस्सर होते. मजकुराची जबाबदारी घ्यावी लागली असती तर इतक्या देशांत एकमत होणे शक्य नव्हते.

पहिल्याच कलमातील एका अपवादाकडे सहसा लक्ष जात नाही. राजनयिक व वाणिज्यिक प्रतिनिधींनी तयार केलेले दस्तऐवज कराराच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. परदेशात जन्मलेल्या भारतीय अपत्याची नोंद तेथील भारतीय वकिलातीत होते आणि नागरिकत्व अधिनियमाच्या चौथ्या कलमामुळे ही नोंद महत्त्वाची ठरते. पण वकिलातीने दिलेल्या या कागदावर अपॉस्टिल मिळू शकत नाही. परदेशी स्थायिक मराठी कुटुंबांच्या दृष्टीने ही अडचण किरकोळ नाही.

भारताचा प्रवेश

भारताने 26 ऑक्टोबर 2004 रोजी करारास संमती दिली आणि 14 जुलै 2005 पासून तो भारतास लागू झाला. करार झाल्यापासून तोपर्यंत चार दशकांहून अधिक काळ लोटला होता. बाराव्या कलमान्वये जुन्या सदस्यांना नव्या सदस्याविषयी आक्षेप घेता येतो, आणि असा आक्षेप घेणाऱ्या देशापुरता करार लागू होत नाही. भारताच्या बाबतीत जर्मनीसह काही युरोपीय देशांनी असे आक्षेप नोंदवले. त्यांपैकी काहींनी ते पुढे मागे घेतले. जर्मनीच्या बाबतीत भारतीय जन्म-विवाह दाखल्यांची स्थानिक पातळीवर चौकशी करून तपासणी करण्याची पद्धत पडली. म्हणजे जेथे अविश्वास होता तेथे सहीची परीक्षा निरुपयोगी मानून थेट नोंदवहीच उघडून पाहिली गेली. या पद्धतीतील अपमानाचा भाग सोडला, तर तिच्यामागील तर्क नाकारता येत नाही.

आखाती देशांच्या बाबतीत चित्र निराळे होते. ओमान 2012 मध्ये, बहरीन 2013 मध्ये आणि सौदी अरेबिया 2022 मध्ये करारात आले. कुवेत व संयुक्त अरब अमिरातीसाठी 2005 नंतरही दूतावासाच्या शिक्क्याची जुनी वाट चालूच राहिली.

देशांतर्गत साखळी मात्र करारानेही तुटली नाही. परराष्ट्र मंत्रालय अपॉस्टिल देते. पण तत्पूर्वी वैयक्तिक दस्तऐवज राज्य शासनाच्या नियुक्त विभागाने किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याने प्रमाणित केलेला असावा, अशी अपेक्षा असते. 2012 पासून अर्ज स्वीकारण्याचे काम खासगी संस्थांकडे सोपवण्यात आले, 2017 मध्ये ‘ई-सनद’ ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली आणि 2019 मध्ये दिल्लीबाहेरील शाखा कार्यालयांतही सेवा उपलब्ध करण्यात आली. हे सर्व उपाय वेळ वाचवणारे आहेत. कागदाच्या मजकुराशी त्यांचा संबंध नाही.

गोव्यातील जन्मनोंदी

हेग करारावर सह्या झाल्या त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, 19 डिसेंबर 1961 रोजी, गोवा मुक्त झाला. गोवा, दमण व दीव (नागरिकत्व) आदेश, 1962 अन्वये 20 डिसेंबर 1961 पूर्वी त्या प्रदेशात जन्मलेली व्यक्ती, तसेच जिचे आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कोणी तेथे जन्मले होते अशी व्यक्ती, त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली गेली. पूर्वीचे राष्ट्रीयत्व कायम ठेवू इच्छिणाऱ्यास तसे जाहीर करण्यासाठी एक महिन्याची मुदत होती. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व 31 डिसेंबर 1974 च्या कराराने मान्य केले. तथापि पोर्तुगीज राज्यात जन्मलेल्या गोमंतकीयांचे जन्माने मिळालेले राष्ट्रीयत्व त्या देशाच्या कायद्याने नष्ट मानले नाही. 1981 च्या पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायद्यानुसार पोर्तुगीज नागरिकाच्या परदेशात जन्मलेल्या अपत्यासही नोंदणीद्वारे नागरिकत्व मिळू लागले. म्हणजे एकाच जन्मनोंदीवर दोन राज्यांचे कायदे आपापला अर्थ लावीत राहिले.

1986 मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायाचा सदस्य झाल्यावर या नोंदीचे व्यावहारिक मोल वाढले. पोर्तुगीज पारपत्राच्या आधारे ब्रिटनमध्ये काम करता येऊ लागले. स्विंडनसारख्या गावात गोमंतकीयांची वस्ती उभी राहिली ती या मार्गाने. 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर हा मार्ग अरुंद झाला, तरी इतर युरोपीय देश खुले राहिले.

या प्रक्रियेत आजोबांची जन्मनोंद, त्यांचा विवाह, मग वडिलांचा जन्म व विवाह, अशी एकेक नोंद क्रमाने लिस्बनच्या केंद्रीय निबंधक कार्यालयात चढवावी लागते. येथे गोव्याची परिस्थिती उर्वरित भारताहून वेगळी आहे. ब्रिटिश भारतात जन्मनोंदणी विस्कळीत होती आणि तिला देशभर एकसूत्री कायदा 1969 साली मिळाला. गोव्यात चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदी पूर्वीपासून होत्या. पुढे पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या काळात सर्व धर्मीयांसाठी नागरी नोंदणी सक्तीची झाली. वह्या आहेत, हा गोव्याचा लाभ. पण त्या वह्यांत जे लिहिले आहे ते हयात माणसाच्या आजच्या कागदांशी जुळत नाही, हा त्याच लाभाचा दुसरा भाग.

नावांचा प्रश्न यात सर्वांत बिकट आहे. पोर्तुगीज लिपिक शंकर लिहिताना शकारासाठी ‘एक्स’ हे रोमन अक्षर वापरी. नाईक, कामत, प्रभू ही आडनावे नाइक, कामोतीम, पोरोबो अशा रूपांत पोर्तुगीज वर्णलेखनाने लिहिली गेली. मुक्तीनंतर तीच कुटुंबे इंग्रजी पद्धतीचे वर्णलेखन करू लागली. ख्रिस्ती कुटुंबांत बाप्तिस्म्याचा ‘जुआंव’ शाळेच्या दाखल्यात ‘जॉन’ झाला. अनेक नोंदींत अपत्याचे केवळ पहिले नाव आहे, आडनाव पित्याच्या नावावरून काढावे लागते. हिंदू स्त्रियांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. विवाहात वधूचे नाव बदलण्याची प्रथा असल्याने तिच्या जन्मनोंदीत एक नाव, मुलाच्या जन्मनोंदीत दुसरे, अशी स्थिती होते. ही एकच स्त्री आहे हे घरातील सर्वांना ठाऊक असते, परंतु कागदावर त्या दोन स्त्रिया ठरतात. दोन्ही दाखल्यांवर अपॉस्टिल मिळण्यास काहीच अडचण नसते, कारण दोन्हींवरील सह्या खऱ्या असतात! लिस्बनमधील लिपिक मात्र सही पाहून थांबत नाही. तो नावे ताडून पाहतो आणि अर्ज परत येतो. गोव्यात नाव व आडनाव बदलण्याविषयी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे. जुन्या नोंदीतील महत्त्वाच्या दुरुस्तीसाठी अनेकदा न्यायालयाची पायरी चढावी लागते.

स्थलांतरित कुटुंबांत ही शृंखला एका प्रदेशात राहत नाही. मुंबई, कराची, नैरोबी येथे गेलेल्या गोमंतकीयांच्या बाबतीत आजोबांची नोंद बार्देसात, वडिलांची कराचीत आणि अर्जदाराची मुंबईत, असे घडते. पाकिस्तान 2023 मध्ये हेग करारात आला. तोपर्यंत कराचीच्या दाखल्यास वैधीकरणाची जुनी पायपीट चुकत नव्हती. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांचे कागद असे तीन वेगवेगळ्या व्यवस्थांतून काढावे लागत.

शेवटी या व्यवहारातील एका विसंगतीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. भारतीय राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदात आणि नागरिकत्व अधिनियमाच्या नवव्या कलमात दुहेरी नागरिकत्वास स्थान नाही. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. लिस्बनमध्ये केवळ जन्माची नोंद चढवणे म्हणजे असा स्वीकार होय काय, की पोर्तुगीज ओळखपत्र किंवा पारपत्र घेतल्यावर तो घडतो, यावर गोव्यात दीर्घकाळ वाद झाला आहे. मतदानाचा हक्क, सरकारी नोकरी आणि निवडणुकीतील उमेदवारी त्यावर अवलंबून असते. अपॉस्टिल देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे हा प्रश्न येत नाही. पुढे आलेल्या दाखल्यावरील निबंधकाची सही नमुन्याशी जुळते की नाही, एवढेच पाहून तो प्रमाणपत्र जोडतो आणि त्याचा क्रमांक नोंदवहीत लिहितो.