भिंतीत दडलेली तार

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे सिंहगडावर प्रक्षेपणाचा मनोरा उभा राहिला आणि पुण्यातले अँटेना गडाकडे तोंड करून बसले. संच दिवाणखान्यात असे. त्याची वर्दी मात्र गच्चीवरून साऱ्या आळीला मिळे.

१९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेल्या वाकडमधील सदनिकांत आज पातळ पडदा भिंतीवर, पूर्वी जिथे पूर्वजांच्या तसबिरी असत तिथे चढतो. प्लास्टरमध्ये झिरी पाडून तारा पाइपातून नेतात. वर लांबी, रंग. संपन्नता पूर्वी तार दिसण्यात होती, आता न दिसण्यात आहे. म्हणूनच घराचा इतिहास वाचताना आम्हांला दडवलेलेही वाचावे लागते. गुळगुळीत भिंतीवर झिरी पाडणाऱ्या हाताची खूणही उरत नाही.