डिॲमिनेजचं कूळ

छातीत पाणी झालेल्या रुग्णाचं ते पाणी सुईनं काढून तपासायला पाठवतात, तेव्हा आपल्याकडचे डॉक्टर चिठ्ठीवर हमखास तीन अक्षरं लिहितात: एडीए. रिपोर्टातला आकडा 40 च्या बराच वर गेला की क्षयाचा संशय बळावतो. जंतूंशी झुंजायला जमलेल्या पांढऱ्या पेशींकडून हे विकर त्या पाण्यात उतरतं, म्हणून आकडा चढतो. एडीए म्हणजे ॲडेनोसिन डिॲमिनेज. हेच काम करणारं दुसरं एक विकर आता माणसाच्या जनुकातलं चुकलेलं अक्षर जागेवर बदलू लागलं आहे. ते इथवर कसं पोचलं, ते सांगण्याजोगं आहे.

काम तसं एवढंसं. रेणूवरचा नायट्रोजनवाला अमिनो गट काढायचा, पाण्यातला ऑक्सिजन त्या जागी बसवायचा आणि अमोनिया सोडून द्यायचा. ॲडेनोसिनचं असं इनोसिन होतं. 1928 मध्ये फ्रँकफर्टला गेरहार्ट श्मिट यांनी स्नायूंत हे काम करणारं एक विकर दाखवलं. त्यातून तयार होणारं इनोसिनिक आम्ल रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांना 1847 पासून मांसाच्या अर्कात ठाऊक होतं. मटणाच्या रश्श्याला आणि मासळीला जी खास चव येते, तिच्यात या आम्लाचा मोठा वाटा आहे.

पेशीत न्यूक्लिओटाइडची सतत मोडतोड आणि पुनर्वापर चालतो, त्यातलं हे एक किरकोळ काम, असाच बराच काळ समज होता. 1972 मध्ये तो मोडला. सिएटलच्या रक्तपेढीत एलोइज गिब्लेट रक्तातल्या विकरांच्या आनुवंशिक प्रकारांचा अभ्यास करत. प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या एका लहान मुलीचं रक्त त्यांच्याकडे आलं. तिला अस्थिमज्जा द्यायची होती आणि रक्तातल्या खुणा जुळवून हव्या होत्या. तांबड्या पेशींचा अर्क जेलवर चढवल्यावर जिथं एडीएचा पट्टा उमटायला हवा, तिथं काहीच उमटलं नाही. मग तसाच आजार असलेली दुसरी मुलगीही सापडली. शोधायला गेल्या एक आणि हाती लागलं त्याहून कितीतरी मोठं: प्रतिकारशक्तीच्या एका जन्मजात आजाराचं रासायनिक कारण पहिल्यांदाच सापडलं होतं. एडीए नसेल तर डीऑक्सिॲडेनोसिन साचतं, त्यापासून बनणारी द्रव्यं डीएनएचा कच्चा माल अडवतात आणि लिम्फोसाइट पेशी मरतात. पुढे 14 सप्टेंबर 1990 ला अमेरिकेत बेथेस्डा इथं चार वर्षांच्या एका मुलीच्या रक्तपेशींत एडीएचं धड जनुक घालून त्या पेशी तिला परत दिल्या. जनुकोपचाराचा तो पहिला मान्यताप्राप्त प्रयोग.

तिथं एडीए ही दुरुस्त करायची गोष्ट होती, दुरुस्ती करणारं हत्यार नव्हे. ते हत्यार निघालं दुसऱ्याच घराण्यातून. या घराण्यातली विकरंही जस्ताच्या अणूच्या मदतीनं पाण्याकडून तेच काम करून घेतात, पण त्यांच्या रेणूची घडण वेगळी आहे, आणि त्यातली बरीचशी सायटोसिनचं युरासिल करतात. उंदराच्या आतड्यातलं असंच एक विकर डेव्हिड लिऊ यांच्या हार्वर्डच्या गटानं 2016 मध्ये डीएनएतल्या नेमक्या जागी जाणाऱ्या कॅस-9 ला जोडलं आणि सी (सायटोसिन) या अक्षराचं टी करून दाखवलं. त्याच वर्षी जपानात कोबे इथल्या गटानं लॅम्प्रे या जलचराचं विकर घेऊन तेच साधलं.

पण गरज होती उलट्या दिशेची. डीएनएमधल्या सायटोसिनचा अमिनो गट आपोआपही गळतो, एकेका पेशीत दिवसाला शंभरावर वेळा. बहुतेक जागा पेशी भरून काढते, राहिलेल्या ठिकाणी सी चा टी होऊन बसतो. माणसाच्या आजारांना कारण ठरणाऱ्या एकाक्षरी बदलांपैकी जवळजवळ निम्मे याच जातीचे. ते उलटवायचे तर समोरच्या धाग्यावरच्या ॲडेनिनचा अमिनो गट काढायला हवा. डीएनएमध्ये हे करणारं विकर निसर्गात कुणाला माहीत नव्हतं. लिऊ यांच्या गटानं उंदराचं एडीएसुद्धा लावून पाहिलं. काही हाती आलं नाही.

त्याच गटातल्या निकोल गॉडेली यांनी मग निवडलं ई. कोलाय जिवाणूचं टॅड-ए. त्याचं नेहमीचं काम आरजिनिन वाहणाऱ्या टी-आरएनएवरचं एक ॲडेनिन बदलणं, एवढंच. डीएनएला ते शिवतही नसे. त्यांनी जिवाणूंना क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविक औषधापासून वाचवणारं एक जनुक मुद्दाम मोडून दिलं. एका ॲडेनिनची दुरुस्ती झाली तरच ते चालू होणार. मग टॅड-एच्या हजारो बदललेल्या प्रती जिवाणूंत घालून त्यांना औषधात वाढवलं. शेतकरी चांगली कणसं बियाण्याला राखतो, तसे जगले त्यांच्यातले प्रकार पुढच्या फेरीला घेतले. पहिल्याच फेरीत एक बदल ठळक निघाला: विकराच्या साखळीत 108 व्या जागी ॲस्पार्टेट या अमिनो आम्लाऐवजी ॲस्पराजिन. मुळातलं ॲस्पार्टेट आरएनएच्या साखरेवरचा जो गट पकडतं, तो डीएनएत नसतोच. सात फेऱ्यांनंतर 2017 मध्ये हे विकर माणसाच्या पेशीत चालू लागलं. कॅस-9 ते नेमक्या जागी नेऊन धागे उघडतं, विकर ए चं इनोसिन करतं, आणि पेशी इनोसिन जी म्हणून वाचते. निसर्गात नसलेलं विकर असं पिढ्यापिढ्यांनी घडवणं, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत धाडसाचं काम वाटतं.

2025 च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात सहा-सात महिन्यांच्या एका बाळाला याच वंशातलं विकर मिळालं. त्याच्या यकृतातलं सीपीएस-1 हे विकर बनत नव्हतं, त्यामुळे रक्तातला अमोनिया युरियात बदलून बाहेर पडेना. रिबेका अहरेन्स-निकलस आणि किरण मुसुनुरू यांच्या गटानं त्या एका बाळाच्या एका चुकीपुरतं औषध सहा महिन्यांत तयार केलं. प्रत्येक दुरुस्तीत अमोनियाचा एक रेणू सोडणारं विकर अमोनियानं जीव धोक्यात आलेल्या बाळाच्या कामी आलं. उपचारानंतर त्याला आहारातली प्रथिनं वाढवता आली आणि अमोनिया उतरवणारं औषध निम्म्यावर आणता आलं.