तबकड्यांकडून पडद्याकडे

यंत्रांचा इतिहास सांगताना जुने गेले आणि नवे आले, एवढे सांगून आपण बहुधा थांबतो. यंत्र बदलले तेव्हा ते हाताळणाऱ्या माणसाला काय शिकावे लागले, ह्याची नोंद मागे पडते. दोनचार आसनांच्या छोट्या विमानांत वैमानिकासमोर काट्यांच्या तबकड्या असत. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक पडदे आले. ह्या स्थित्यंतरात ती मागे पडणारी नोंद टाळता येत नाही, कारण तिची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली गेली आहे.

वैमानिकाला उपकरणांची गरज का पडते, हे प्रथम पाहू. क्षितिज दिसत असते तोवर विमान सरळ आहे की कललेले, हे डोळ्यांना कळते. ढगात शिरल्यावर, किंवा काळोख्या रात्री समुद्रावर, क्षितिज नाहीसे होते आणि शरीराची साक्ष फसवी ठरते. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतील द्रवामुळे आपल्याला वळल्याची जाणीव होते. परंतु वळण संथ आणि लांबलेले असले की तो द्रवही नळ्यांबरोबर फिरू लागतो आणि आपण सरळच चाललो आहोत असे माणसाला ठामपणे वाटत राहते. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, केवळ उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा रीतीने विमान चालवावयास लावले. विसाहीजणांचा ताबा सुटला. त्याला सरासरी १७८ सेकंद लागले. म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नाहीत!

ह्यावरचा उपाय आपल्या मुलांच्या भोवऱ्यात दडलेला होता. वेगाने फिरणारा भोवरा आपला आस सहजासहजी सोडत नाही. जायरोस्कोपचा गुण तोच. त्याचा उपयोग करून अमेरिकेत स्पेरी पितापुत्रांच्या कारखान्याने कृत्रिम क्षितिज आणि दिशा दाखविणारे उपकरण तयार केले. पॉल कोल्समन ह्या जर्मनीत जन्मलेल्या अभियंत्याने उंचीतला थोडा फरकही दाखविणारा उंचीमापक केला. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल ह्यांनी आपली बैठक कापडाने झाकून घेतली आणि बाहेर काहीही न पाहता विमान उडविले, फिरविले आणि उतरविले. पुढच्या बैठकीवर दक्षतेसाठी बसलेले बेन केल्सी ह्यांनी आपण काही करीत नाही हे दिसावे म्हणून हात वर धरले होते. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला होता. आपल्याकडचे नागरी उड्डाण आणि ही उपकरणविद्या अशी एका वयाची आहेत.

पुढे छोट्या विमानांत सहा तबकड्यांची मांडणी रूढ झाली: वेग, कृत्रिम क्षितिज, उंची, वळण, दिशा आणि चढउतार. पैकी तीन हवेच्या दाबावर चालत, तीन जायरोस्कोपवर. जायरोस्कोपची चाके बहुधा इंजिनावर चालणाऱ्या पंपाने ओढलेल्या हवेच्या झोतावर फिरत. त्या पंपातील ग्रॅफाइटची पाती झिजून एखाद्या दिवशी पूर्वसूचनेवाचून मोडत. चाक मात्र तत्काळ थांबत नसे. ते मंदावत जाई, आणि कृत्रिम क्षितिज हळूहळू एका बाजूस कलू लागे. जो वैमानिक त्याच्यावरच विसंबला, तो विमानही त्याच्यामागे कलवीत नेई. वळणाची तबकडी बहुधा विजेवर चाले. तेव्हा एक साक्षीदार खोटा पडला तरी दुसरा उरे. एकाची साक्ष दुसऱ्याशी ताडून पाहणे, ही ह्या सहा तबकड्यांनी वैमानिकाला लावलेली शिस्त होय.

ती शिस्त ढळली, किंवा साक्षीदाराची भाषाच परकी निघाली, म्हणजे काय होते ह्याचे दोन दाखले देतो. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवा राज्यात, हिमवृष्टीच्या रात्री, एक छोटे बीचक्राफ्ट बोनान्झा विमान कोसळून तीन तरुण गायक आणि एकवीस वर्षांचा वैमानिक मरण पावले. त्याला केवळ उपकरणांवर उडण्याची परवानगी नव्हती. शिवाय त्या विमानातले कृत्रिम क्षितिज नाकाचा चढउतार त्याच्या सवयीच्या उपकरणाच्या उलट दाखवीत असे, ही गोष्ट चौकशीत नमूद झाली. दुसरा दाखला मुंबईचा, आणि मोठ्या विमानाचा. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडून २१३ माणसे गेली. कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज बिघडले होते आणि विमान उजवीकडे कललेले असल्याचे दाखवीत होते. खाली काळोखा समुद्र, वर काळोखे आकाश; कॅप्टनने विमान डावीकडे कलवीत नेले. इतर उपकरणांच्या आधाराने विमान सावरता आले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

अशा यांत्रिक दोषांवर उतारा म्हणून इलेक्ट्रॉनिक पडद्यांकडे पाहिले गेले. १९८२ साली सेवेत आलेल्या बोइंग ७६७ मध्ये असे पडदे होते. पण छोट्या विमानाला ते जड आणि न परवडणारे होते. त्यातच तेथील छोट्या विमानांचा धंदा खालावला. सेस्नाने १९८६ मध्ये अशी विमाने बांधणे काही वर्षे बंदच केले. तो सावरण्यासाठी १९९४ मध्ये नासा, कारखानदार आणि विद्यापीठे ह्यांनी संयुक्त संशोधन आरंभिले. २००३ मध्ये सिरसच्या विमानांत एव्हिडाइनचे पडदे आले. २००४ मध्ये सेस्ना आणि डायमंडच्या विमानांत गार्मिनची जी-१००० ही मांडणी आली. २००६ पर्यंत इंजिनाच्या नव्या छोट्या विमानांपैकी ९० टक्क्यांहून अधिक विमाने पडद्यांची झाली होती. फिरत्या चाकाची जागा नखावर मावेल एवढ्या सिलिकॉनच्या तुकड्याने घेतली. त्यावरचे कंप पावणारे सूक्ष्म भाग विमानाचे वळणे टिपतात. आपला बिघाड उमगला तर हा पडदा खोटे क्षितिज दाखविण्याऐवजी तांबडी फुली दाखवितो, हा त्याचा मोठा गुण.

मग अपघाती मृत्यू घटले काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये ह्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ ते २००६ मध्ये बांधलेल्या दोन्ही प्रकारच्या विमानांची त्यात तुलना होती. २००६ व २००७ ह्या वर्षांत दर एक लाख उड्डाण-तासांमागे प्राणघातक अपघातांचे प्रमाण तबकड्यांच्या विमानांत ०.४३, तर पडद्यांच्या विमानांत १.०३ भरले. ह्याचा सगळा दोष पडद्याकडे जात नाही. तबकड्यांची विमाने अधिककरून शिकवणीसाठी उडत. पडद्यांची लांबच्या प्रवासाला आणि खराब हवेत अधिक जात. तरीही नव्या उपकरणांनी सुरक्षितता वाढल्याचे दिसले नाही, आणि शिक्षण यंत्राच्या मागे राहिले आहे, असे मंडळाने बजावले.

ह्याचे कारण समजण्यासारखे आहे. सहा तबकड्या सहा साक्षीदार आहेत हे डोळ्यांनाच दिसे. पडद्यावर सर्व आकडे एकाच सुबक चित्रात येतात आणि त्यांच्या मागची मुळे झाकली जातात. वेग मोजणारी नळी अजूनही पंखाबाहेर हवेतच आहे. ती बर्फाने गोठली किंवा कुंभारीण माशीने तीत मातीचे घर केले, तर पडद्यावरचा सुरेख आकडाही खोटाच असतो. कोणता आकडा कोठून येतो आणि कोणता बिघाड कोणकोणते आकडे बिघडवितो, हे आता दिसत नाही. ते शिकून घ्यावे लागते.

म्हणून यंत्राच्या किमतीत शिकण्याच्या तासांची किंमत धरली पाहिजे, असे हा इतिहास सांगतो. हे विमान बांधणाऱ्यांनाही उमगले होते. पडद्यांच्या त्या पहिल्या पिढीतील अनेक विमानांत दोन मोठ्या पडद्यांच्या सोबत तीन लहान गोल तबकड्या राखून ठेवलेल्या आढळतात: वेग, उंची आणि हवेच्या झोतावर फिरणारे जुने कृत्रिम क्षितिज. पडदे काळे पडले तर साक्षीला कोणी असावे म्हणून त्या तेथे आहेत. पण त्यांच्याकडे पाहण्याची सवय वैमानिकाने आधीपासूनच ठेवलेली असली पाहिजे.