धोकटीतील पथरी

आमच्या नाभिक ज्ञातीचा इतिहास सांगण्याचा प्रसंग आला म्हणजे प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी सय्यद बंडाचा वार परतविणारा जिवा महाला आणि १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवछत्रपतींचा वेष घेऊन प्राणार्पण करणारा शिवा काशीद ही दोन नावे प्रथम घेतली जातात, व ते योग्यच आहे. परंतु ज्या विद्येच्या बळावर आमच्या असंख्य पिढ्यांचा योगक्षेम चालला, त्या वस्त्र्यास धार लावण्याच्या विद्येविषयी आपल्यात क्वचितच कोणी लिहितो. स्मरणिकेच्या निमित्ताने विलेपार्ल्यातील ज्ञातिबांधवांपुढे तोच विषय ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

‘वस्तरा’ हा शब्द फारसी ‘उस्तरा’ यापासून आला असला, तरी वस्तू फार प्राचीन आहे. संस्कृतात तिला ‘क्षुर’ म्हणतात; आपले ‘क्षौर’ व ‘सुरी’ हे शब्द त्याच कुळातले. ऋग्वेदाच्या आठव्या मंडळात, वस्त्र्याप्रमाणे आम्हांस तीक्ष्ण कर, अशी देवतेची प्रार्थना आहे. धार लावण्याच्या दगडाचा स्पष्ट उल्लेख बौद्धांच्या विनयपिटकात सापडतो. भिक्षूंनी केस दोन महिन्यांपेक्षा अथवा दोन अंगुळांपेक्षा अधिक वाढवू नयेत असा तेथे दंडक असून, त्यासाठी वस्तरा, ‘खुरसिला’ म्हणजे वस्त्र्याची पथरी, व वस्त्र्याचे म्यान बाळगण्याची बुद्धांनी अनुज्ञा दिली आहे. त्याच विनयाचा सर्वश्रेष्ठ ज्ञाता उपाली हा शाक्य राजपुत्रांचा नाभिक होता. राजपुत्रांचा कुलाभिमान गळावा म्हणून त्याला त्यांच्या आधी दीक्षा देण्यात आली, आणि बुद्धांच्या निर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत विनय त्यानेच कथन केला. पार्ल्याच्या ईशान्येस अंधेरीजवळ कोंडिवट्याची, म्हणजे महाकालीची, लेणी आहेत. बोरिवलीकडे कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथील भिक्षूंसही मुंडनाचा नियम होताच. तेव्हा या डोंगरांवर शतकानुशतके पथरीवर वस्तरे फिरले असतील, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

येथे एक शंका सहज येईल. आपल्या उपनगरात दगडाला तोटा नसताना पथरी बाहेरून का आणावी लागे? अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहावी. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे ते काळ्या दगडाचे स्तंभ आहेत. हा दगड जात्याला व पाट्याला उत्तम, कारण टाकी लावली की त्याचा पृष्ठभाग खरबरीत राहतो. वस्त्र्याला नेमका याच्या उलट गुण हवा. कण अतिसूक्ष्म, सर्वत्र सारखे आणि पोलादाहून कठीण असावे लागतात. एखादाच मोठा कण धारेत दाते पाडतो. असे पाषाण जगात थोड्याच ठिकाणी निघतात. बेल्जियममधील आर्देन डोंगरातील पिवळ्या पाषाणात सूक्ष्म गार्नेटचे कण असतात. जपानात क्योटोजवळच्या खाणी प्रसिद्ध होत्या. अमेरिकेतील आर्कान्सासच्या पाषाणाचे शास्त्रीय नाव ‘नोव्हाक्युलाइट’ हे लॅटिनमधील वस्तरा या अर्थाच्या शब्दावरूनच पडले आहे.

आता प्रत्यक्ष कृती. पथरी पाण्याने अथवा तेलाने ओली करून वस्तरा तिच्यावर सपाट ठेवावयाचा. पाठ व धार दोन्ही दगडास टेकली पाहिजेत, म्हणजे कोन आपोआप साधतो. धार पुढे ठेवून, हात न दाबता, तिरका फटकारा द्यावयाचा. परतताना वस्तरा पाठीवरून उलटावयाचा, धारेवरून कदापि नाही. फार घासल्यास धारेवर पातळ पापुद्रा येतो व तो गिऱ्हाइकाच्या गालास ओरबाडतो. मग चामड्याच्या पट्ट्यावर अथवा तळहातावर, या वेळी पाठ पुढे ठेवून, धार सरळ करावयाची. पट्टा प्रत्येक दाढीस लागे, पथरी मात्र धार खरोखर बसली म्हणजेच. स्वतः पथरीही मध्ये झिजून खोलगट होते. तिला दुसऱ्या सपाट दगडावर घासून समतल ठेवणे हे शिकाऊ मुलाचे पहिले काम. हे सारे डोळ्यांपेक्षा कानाने व बोटांनीच अधिक कळते, म्हणून ते ग्रंथात न उतरता बापाकडून मुलाकडे गेले.

ही धार कोणावर चालवावी याचाही विवेक आमच्या पूर्वजांनी दाखविला आहे. १८९० साली सत्यशोधक पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईतील नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असा त्यांनी निर्धार केला. हातावर पोट असलेल्या माणसांनी मिळकतीवर पाणी सोडून केलेला हा निश्चय होता. रूढीचे बळ मोठे खरे, पण ती अमलात आणण्यास लागणारा वस्तरा आमच्या हाती होता.

विलेपार्ल्यात १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय व १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. अशा या सुशिक्षित वस्तीत जावळ, मुंज या संस्कारांस नाभिकाची उपस्थिती आवश्यक मानली जाई. त्याच काळात जिलेटचे, १९०३ पासून विक्रीस आलेले, बदलत्या पात्याचे यंत्र जगभर पसरत होते, आणि पुष्कळ गृहस्थ घरीच दाढी करू लागले. पुढे १९८६ साली भारतात एच.आय.व्ही.ची लागण प्रथम आढळली, व रोगाच्या भयाने दुकानांतूनही प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते वापरण्याची रीत रूढ झाली. ती आरोग्यास हितकर आहे, तीबद्दल आमची तक्रार नाही. मात्र पथरीचे काम त्याबरोबर संपले.

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे. आपल्या घरी आजोबांची धोकटी असेल तर ती उघडून पाहावी. पथरी असल्यास तिचा रंग, लांबी-रुंदी, ती कोठून आणली, पाण्यावर चाले की तेलावर, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. खंडेनवमीस हत्यारे पूजितांना कात्री व यंत्रांच्या शेजारी तिलाही स्थान द्यावे, आणि मुलांनी विचारल्यास एकवार वस्तरा तिच्यावर फिरवून दाखवावा. तो हात ज्यांना अद्याप येतो असे वृद्ध आता थोडेच उरले आहेत. त्यांच्याकडून हे शिकून घेणे पुढील वर्षावर टाकू नये.